आठव्या पायरीवरचं मीठ

मिठाचे ढीग आठव्या पायरीवर असायला हवे होते, ते दहावीवर जाऊन बसले होते. मी चिमट्याने कागद पाण्यातून उचलला आणि पांढऱ्या दिव्याखाली धरला. ढिगांच्या जागी नुसती पांढरी भगदाडं. पुढच्या बांधाची ओली माती, पायांचे ठसे, फावड्याचे वार, सगळं त्या निगेटिव्हमध्ये आहे हे मला ठाऊक होतं. कागदावर मात्र तो बांध कोळशाच्या गोणीसारखा काळाठिक्कर. मधलं सगळं कुणी पुसून नेल्यासारखं.

"आता कसा खणखणीत आला!" हे म्हणाले. "ढग बघ, कसे अंगावर येतायत."

"हो," मी म्हणाले.

त्या एका 'हो'ने पुढचे नऊ दिवस मला खाली बसू दिलं नाही.

पायऱ्यांचं आधी सांगते. लग्न होऊन या घरात आले तेव्हा मला अक्षर येत नव्हतं. ह्यांचा फोटोचा धंदा, मागच्या खोलीत खिडक्या काळ्या कागदाने बंद करून केलेली अंधारखोली, आणि मदतीला माणूस नाही. ह्यांची बहीण, म्हणजे माझ्या वन्सं, शाळेत शिकवायला जायच्या. उरले मी. मग ह्यांनी एका फळीवर कागदाचे दहा चौकोन ओळीने चिकटवले, काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत, आणि प्रत्येकाला मला कळेल असं नाव दिलं. पहिली पायरी कोळसा. दुसरी पातेल्याचं बूड. तिसरी ओली माती, चौथी ओला दगड, पाचवी पारवा, सहावी तळहात, सातवी राख, आठवी पीठ, नववी धुतलेली चादर आणि दहावी कोरा कागद.

"ज्याची जी पायरी ती त्याला मिळाली पाहिजे," हे म्हणायचे. "काळ्यात काहीतरी दिसलं पाहिजे आणि पांढऱ्यात काहीतरी उरलं पाहिजे. एवढंच आहे सगळं."

सहावी पायरी माझ्या हाताची. पोटासाठी हे लग्नाचे आणि ओळखपत्राचे फोटो काढायचे, पण सुट्टीच्या दिवशी आम्ही डोंगर, पाणी, आभाळ शोधत निघायचो. कॅमेरा तिकाटीवर चढवला की हे म्हणायचे, "हात पुढे कर." माझ्या तळहातावर पडलेला उजेड मीटरने मोजायचा आणि त्याहून एक पायरी जास्त द्यायची, अशी ह्यांची रीत. मीटर बिचारं सगळ्यालाच पारवा समजतं, त्याला काय माहीत समोर हात आहे की मिठाचा ढीग. मिठागराचा तो फोटोही तसाच घेतला होता. माझा हात गार पडला होता वाऱ्याने, आणि हे ढग सरकायची वाट बघत होते. "हलू नकोस," म्हणाले. जवळजवळ तासभर.

चाळिशी उलटल्यावर वन्संनी मला वाचायला शिकवलं, फोटो धुवायच्या औषधांच्या डब्यांवरची अक्षरं गिरवून. पण पायऱ्यांची नावं तीच राहिली.

आता ते मिठागर नाही. तिथे गोदामं आहेत. म्हणूनच संग्रहालयाच्या बाई घरी आल्या होत्या. त्यांना ह्यांचे बारा फोटो हवे होते, कायमचे भिंतीवर लावायला, खाली नाव घालून, आणि तेही ह्यांनी स्वतःच्या हाताने छापलेले. "पुढचा सोडून त्याच्या पुढच्या गुरुवारी मी स्वतः न्यायला येते," बाई म्हणाल्या. त्या गेल्यावर हे बराच वेळ दारातच उभे होते. आयुष्यभरात ह्यांचा फोटो भिंतीवर लागला तो आमच्याच बोळकांडीत, तोही ओल झाकायला.

त्यानंतरच्या रविवारी काम सुरू झालं, आणि पहिलाच फोटो असा.

मी जरा वेळाने म्हणाले, "पट्टीशी ताडून बघा ना एकदा."

हे फळीजवळ गेले. नाक लावून बघितलं. मग हसले. "ही पट्टीच उडाली की गं. सात, आठ, नऊ, सगळ्या सारख्याच दिसतात. चाळीस वर्षांचा कागद तो, उडणारच."

पट्टी उडालेली नव्हती. मला दहाच्या दहा पायऱ्या स्वच्छ दिसत होत्या.

तेव्हा एकेक गोष्ट जुळायला लागली. मोठा दिवा लावायला सांगितलेला. दिव्याभोवती कडं दिसतं म्हणालेले. चहाचा कप टेबलाच्या कडेच्या जरा अलीकडेच सोडलेला. ह्यांच्या डोळ्यांवर मोतीबिंदूची साय धरली होती. धुक्यातून बघितल्यावर सगळंच मरगळलेलं दिसतं, म्हणून हे फोटोला चाबूक मारत होते.

सांगायचं कसं? वर्षापूर्वी वन्सं नुसतं "डोळे तपासून घे" म्हणाल्या, तर हे आठ दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत. सासूबाईंचे डोळे ऑपरेशननंतरच गेले होते. हे तेव्हा लहान होते, हात धरून त्यांना अंगणात न्यायचे. त्या घरात डोळ्यांच्या डॉक्टरचं नाव निघत नसे.

मी सांगितलं नाही. त्याऐवजी अक्कल चालवली.

फोटोचा कागद नंबराने येतो. दोन नंबरचा मऊ, सगळ्या पायऱ्या सांभाळून घेणारा. चार नंबरचा कडक, आणि पाच नंबरचा तर काळं नाहीतर पांढरं, मधलं कुणाला ठेवतच नाही. मिठागराच्या निगेटिव्हला कायम दोन नंबर लागायचा. आता हे चार मागत होते. आमच्या पेट्यांना दोऱ्याच्या गाठी आहेत, दोनला दोन, चारला चार. पूर्वी मला वाचता येत नव्हतं म्हणून बांधल्या, आणि नंतर राहिल्या कारण पेटीवरचा आकडा लाल शाईतला आणि अंधारखोलीतला दिवाही लाल. त्या दिव्यात तो आकडा दिसतच नाही, डोळे कितीही चांगले असोत.

दुपारी हे आडवे झाले तेव्हा मी आत गेले, लाल दिवा लावला आणि चार गाठींच्या पेटीतलं काळं पाकीट काढून तिथे दोन नंबरचं ठेवलं. एक कान दाराकडे ठेवून, जसं काही दुसऱ्याच्या घरात शिरले आहे.

दुसऱ्या दिवशी फोटो सुरेख आला. मीठ बरोब्बर आठवीवर, खडे मोजून घ्यावेत असं.

"हे काय?" हे म्हणाले. "शिळ्या चहासारखा दिसतोय. औषध थंड झालंय का?"

"नाही हो."

"मग वेळ कमी पडली." फोटो मधोमध फाडून बादलीत टाकला. "पाच नंबर काढ."

मी पाच गाठींची पेटी दिली. त्यातही तोवर दोन नंबर जाऊन बसला होता.

असे दिवस गेले. हे औषध गरम करायचे, फोटो त्यात दुप्पट वेळ ठेवायचे, निगेटिव्हचा उजेड कागदावर पाडणाऱ्या मशीनखाली, एनलार्जरखाली, तारेला चिकटवलेला पुठ्ठ्याचा तुकडा धरून बांधाला सावली द्यायचे, ढगांना जास्तीचा उजेड पाजायचे, आणि मोठ्याने सेकंद मोजायचे. फोटो येत होते ते एक तर चांगले, नाहीतर ह्यांच्या खटपटीमुळे जरा काळवंडलेले. हे एकेक फाडत होते. मी संध्याकाळी बादलीतले तुकडे काढून स्वयंपाकघराच्या ओट्यावर जोडून बघायची. जिवाचं पाणी व्हायचं. इतके नेमके फोटो ह्यांनी पन्नाशीतही छापले नव्हते.

मी घरात नुसती फिरत होते. पुसलेलं पुन्हा पुसायची. नळ बंद आहे का बघायला तीनदा उठायची.

"तुझ्या पायाला भिंगरी लागलीय का?" वन्सं म्हणाल्या. त्या शब्दकोडं सोडवत बसल्या होत्या. "की आत काही पुरलंयस?"

"तुमचं आपलं काहीतरीच, वन्सं."

"मी चौतीस वर्षं पोरांना शिकवलंय. पाटीमागे लपवलेली चिंच मला वासावरून कळायची. बोल."

मी फडकं घेऊन पुसलेला ओटा परत पुसायला गेले.

पुढच्या सोमवारी हे वही घेऊन बसले. प्रत्येक निगेटिव्ह कोणत्या कागदावर, किती सेकंद, कुठे सावली, कुठे उजेड, असं सगळं त्या वहीत लिहिलेलं. भिंग लावून वाचत होते, ओळ चुकत होते, परत मागे येत होते.

"वही खोटं बोलत नाही," हे म्हणाले. "औषध नवं आहे. कागद नवा आहे. मशीन तेच. मग उरलं काय?" स्वतःचा उजवा हात समोर धरून बघत राहिले. "थरथरतोय का गं?"

"मुळीच नाही."

"थरथरतच असणार. मला कळत नाही, पण पुठ्ठा धरताना हलत असणार. हात गेला माझा."

मी तिथून उठले. मोरीत जाऊन नळ सोडला आणि नुसती उभी राहिले. मला फोटो वाचवायचे होते. ह्यांचा हात मी कुठे घालवून बसले?

मंगळवारी अकराच्या सुमाराला हे आंघोळ करून, स्वच्छ सदरा घालून फोनपाशी आले. बाईंचं कार्ड माझ्यापुढे धरलं.

"नंबर लावून दे. चष्मा सापडत नाही."

चष्मा नाकावर होता.

"काय सांगणार आहात?"

"जमत नाही म्हणून सांगतो. निगेटिव्ह देऊन टाकतो, त्यांच्याकडे कुणी तरुण माणूस असेल तो छापेल. उगाच भिंतीवर नाव लावून खाली भिकार काम कशाला?"

मी आकडे दाबायला लागले. एक, दोन, तीन... सहा आकडे दाबले. सातवा दाबला की बाई फोन उचलणार, हे दोन वाक्यं बोलणार, आणि मग हा माणूस राहिलेलं आयुष्य स्वतःच्या हाताकडे बघत बसणार.

मी फोन खाली ठेवला.

"अहो, हात नाही गेला तुमचा."

"मला समजवू नकोस."

"समजवत नाही. चार नंबरच्या पेटीत चार नंबर नाही. पाचच्या पेटीतही पाच नाही. सगळीकडे दोन आहे. मी बदललाय."

हे माझ्याकडे बघत राहिले. म्हणजे माझ्या आवाजाकडे.

"कधीपासून?"

"पहिला फोटो झाला त्या दिवसापासून."

"का?"

"कारण त्यात मीठ नव्हतं. नुसतं भगदाड होतं. तुम्हाला ते दिसलं नाही. तुम्ही फाडलेत ते चांगले होते. पट्टी नाही उडाली. डोळे..."

पलीकडच्या खोलीतून वन्संचा आवाज आला, "म्हणजे घरात दोन नंबरचा धंदा चालला होता तर!"

कुणी हसलं नाही. हे म्हणाले, "नऊ दिवस मला वेड्यात काढलंस. मी रोज फाडत होतो आणि तू बघत होतीस." आवाज चढला नव्हता, तेच जास्त लागलं. मग विचारलं, "खरा चार नंबर कुठे आहे?"

"दोन गाठींच्या पेटीत."

हे आत गेले आणि दार लावून घेतलं. चाळीस वर्षांत ते दार माझ्या तोंडावर पहिल्यांदा लागलं.

मी बोळकांडीत येरझाऱ्या घालत होते. आतून सेकंद मोजल्याचा आवाज येत होता. पाणी सांडल्याचा आला. काहीतरी पडलं. मी दाराला हात लावला.

"जाऊ नकोस," वन्सं म्हणाल्या. या वेळी टोमणा नव्हता. "पडू दे. त्याचं त्याला पडू दे."

अर्ध्या तासाने हे बाहेर आले. ओला फोटो काचेवर पसरून दोन्ही हातांनी धरला होता. थेट मागच्या अंगणात, उन्हात गेले.

"ताई, इकडे ये," म्हणाले. बहिणीला बोलावलं, मला नाही. "काय दिसतंय सांग. खरं सांग."

वन्संनी चष्मा वर केला, खाली केला. "वर काळं आभाळ. खाली काळं काहीतरी. मधे भिंतीचा पोपडा उडालाय."

"पोपडा नाही, मिठाचे ढीग आहेत ते."

"मग मीठ कुणीतरी उचलून नेलंय बाबा. मला तरी दिसत नाही."

मी स्वयंपाकघरातून ताटावर जोडून ठेवलेला फाटका फोटो आणला आणि काही न बोलता शेजारी ठेवला.

"हां, हा फोटो," वन्सं म्हणाल्या. "हे मीठच आहे. खडे दिसतायत. हा फावड्याचा दांडा. आणि इथे कुणीतरी अनवाणी चालत गेलंय."

हे खाली वाकले. कधी या फोटोवर, कधी त्या फोटोवर डोळे नेत होते. मग कडेच्या पायरीवर बसले.

"मला तो काचेवरचाच बरा दिसतो," म्हणाले. "त्यात निदान काहीतरी दिसतं."

कुणाच्या तरी घरात भांडी घासत होते, तेवढाच आवाज.

"आईचं काय झालं माहीत आहे ना?" हे बहिणीला म्हणाले.

"आईचं ऑपरेशन झालं त्याला साठ वर्षं झाली. तेव्हा दातसुद्धा दाराला दोरी बांधून काढायचे. सोमवारची वेळ घेते मी दवाखान्यात."

"बघू."

"बघायचं म्हणूनच जायचंय."

ह्यांच्या ओठाचा कोपरा हलला, पण हसू आलं नाही. मग पहिल्यांदा माझ्याकडे मान वळवली. "अकरा निगेटिव्ह बाकी आहेत आणि हे मिठागर. उद्याचा दिवस हातात. पाकिटं जिथली तिथे ठेव."

"ठेवते."

"आणि त्या खोलीत मला परत 'हो' म्हणायचं नाही. पायरी सांगायची. नुसती पायरी."

मला वाटलं होतं हे सोपं जाईल. नाही गेलं. बघायला येत होतं, पण बघितलेलं सांगायचं म्हणजे ह्यांना तोंडावर नाही म्हणायचं, आणि ते मी कधी शिकलेच नव्हते. पहिल्या दोन फोटोंना तर ह्यांना एकेक पायरी माझ्याकडून ओढून घ्यावी लागली.

"डोंगराचा उतार?" हे विचारायचे.

"तिसरी."

"सगळा?"

"वरून तिसरी. खाली... खाली पहिलीच आहे. कोळसा झालाय."

"मग आधी का नाही बोललीस? खाली झुडपं आहेत. पाच सेकंद सावली देतो. आभाळ?"

"सहावी, सातवी. डाव्या कोपऱ्यात कोरा कागद."

"कोपऱ्याला जास्तीचा उजेड पाजायला हवा. कागद दे."

ह्यांचा हात पुठ्ठा घेऊन उजेडात शिरायचा आणि झाडावर पाखरू बसावं तसा अलगद हलत राहायचा, म्हणजे सावलीची कड कुठे उमटू नये. तो हात बघितला की माझा जीव भांड्यात पडायचा, आणि पायरी सांगायची वेळ आली की पुन्हा बाहेर. एकदा भांडणही झालं. मी म्हणाले पाण्याची चौथी आहे, हे म्हणाले पाणी कधी चौथीवर असतं का, मी म्हणाले पाणी कुठे असावं ते तुम्ही ठरवा, ते कुठे आहे ते मी सांगतेय. वन्सं बाहेरून ओरडल्या, "अरे, चहा ठेवू का पंच बोलावू?"

बुधवारी दुपारी साडेचारपर्यंत अकरा फोटो दोरीला लटकले. मिठागर शेवटी ठेवलं होतं. हे सकाळपासून उभे होते. एका हाताने ओट्याची कड धरलेली मला लाल दिव्यातही दिसत होती.

फोटो पाण्यातून काढला. मोठा दिवा लावायची सवय मी सकाळीच मोडली होती. त्याच्या झगझगाटात काळं काळं दिसत नाही आणि माणूस फसतो. लहान दिव्याखाली धरला. बांधाची माती तिसरीवर. ठसे दिसत होते, डाव्या पायाचेही आणि उजव्याचेही. ढग चौथीपासून सातवीपर्यंत, कुठेही न तुटता. मीठ आठवीवर.

"आठवी?" ह्यांनी विचारलं. उत्तर आधीच ठरल्यासारखा आवाज. दमलेला.

ओल्या कागदावर आठवी होती. पण ओला कागद लबाड असतो, वाळला की अर्धी पायरी खाली उतरतो. हे मला ह्यांनीच शिकवलं होतं आणि आज दमल्यामुळे हेच विसरले होते. अर्धीच पायरी. बाईंना कळली नसती. वन्संना कळली नसती. ह्यांना तर दिसणारच नव्हती. मी नुसतं 'हो' म्हटलं असतं तर हे खुर्चीवर बसले असते आणि मी पण.

"नाही," मी म्हणाले. "आता आठवी आहे. वाळल्यावर साडेसात होईल. ढिगांना दोन सेकंद कमी द्या."

ह्यांनी ओट्यावर बोटाने सेकंद मोजून बघितले.

"दोन?" शेवटी म्हणाले. "मी दीड म्हणालो असतो."

"मग दीड द्या."

"दोनच देतो. डोळा तुझा आहे." ओट्याची कड सोडून ताठ उभे राहिले. "कागद दे."

मी लाल दिवा लावला आणि पेटी पुढे केली. ह्यांनी ती माझ्या हातातून काढून घेतली आणि बोटाने दोऱ्यावरच्या गाठी मोजल्या. दोन. पुन्हा एकदा मोजल्या.

"आणि आत?"

"आतही दोनच."

"नक्की?"

"अहो!"

ह्यांनी पेटी उघडली.